नवा डॅक खरंच वेगळा वाजतो का? एका स्टुडिओतली ब्लाइंड चाचणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओतलं आहे. माणसांची, स्टुडिओची आणि यंत्रांची नावं वगळली आहेत. यंत्रांची मुद्दाम वगळली, कारण नाव कळलं की वाचणारा निकाल आधीच ठरवून मोकळा होतो, आणि या प्रकरणाचा विषयच तो आहे.

निर्णय घेणारी माणसं तीन. ज्येष्ठ ध्वनिमुद्रक, ज्यांना स्टुडिओत सगळे 'सर' म्हणतात. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक तरुण ध्वनिमुद्रक. आणि व्यवसायातल्या भागीदार मॅडम, ज्या हिशेब पाहतात, पण गाणं शिकलेल्या असल्यामुळे कानाच्या कच्च्या नाहीत. मिक्सिंगच्या तीन खोल्यांमध्ये एकाच प्रकारचे जुने डॅक होते. संगणकातला डिजिटल सिग्नल ॲनालॉग व्होल्टेजमध्ये बदलून स्पीकरकडे धाडणारं हे यंत्र. तक्रार कुणाचीच नव्हती. पण सरांनी एक नवा, बराच महागडा डॅक काही आठवड्यांसाठी चाचणीला आणला आणि मुख्य खोलीत जोडला.

तिघांनी एकत्र बसून ऐकलं. "खर्ज भरीव झालाय," सर म्हणाले. मग तरुण म्हणाला, गायिकेचा आवाज पुढे आल्यासारखा वाटतोय. मॅडमना झांजांचा टोचरेपणा कमी वाटला. जुना डॅक परत जोडून पाहिला, तेव्हा सगळ्यांनाच तो कोंदट वाटला. एकमत झालं होतं. तिन्ही खोल्यांसाठी नवे डॅक घ्यायचे असं सरांनी सुचवलं, आणि घोडं अडलं ते इथे. तेवढ्याच पैशांत मधल्या खोलीतला घुमणारा खर्ज भिंतींवर शोषक बसवून आटोक्यात आणता आला असता. फरक ऐकू आला हे मॅडमना मान्य होतं. तो तेवढ्या पैशांच्या मोलाचा आहे का, एवढंच त्या विचारत होत्या. मला बोलावलं ते मोजमापासाठी.

अडचण

मोजमापाने अर्धं उत्तर लगेच दिलं. दोन्ही यंत्रांचा प्रतिसाद २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यात ०.१ डेसिबलच्या आत सपाट होता. विकृती आणि खरखर दोन्हींची इतकी कमी, की त्या खोलीतल्या वातानुकूलनाच्या आवाजाखाली ती पार बुडून जावी. एक गोष्ट मात्र सारखी नव्हती. पूर्ण पातळीच्या सुराला जुना डॅक २.० व्होल्ट देत होता, नवा २.१ व्होल्ट. म्हणजे नवा साधारण ०.४ डेसिबलने मोठा.

हा आकडा फसवा आहे. एवढा फरक कुणाला 'आवाज वाढला' म्हणून सहसा जाणवत नाही. तो 'आवाज सुधारला' म्हणून जाणवतो: जास्त स्पष्ट, जास्त मोकळा, जास्त जवळचा. म्हणूनच अशा तुलनांमध्ये दोन्ही पातळ्या ०.१ डेसिबलच्या आत जुळवण्याचा दंडक आहे. पातळी वाढली की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा वेगाने मोठे वाटू लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं. तरीही 'भरीव खर्ज' याच ०.४ डेसिबलमधून आला असं मी म्हणणार नाही. इतक्या लहान वाढीत तो परिणाम अगदीच बारीक असतो. पातळी हा एक संशयित होता, आणि त्याला आधी बाजूला करणं भाग होतं.

दुसरी अडचण माणसांची. ब्लाइंड चाचणी, म्हणजे कुठलं यंत्र वाजतंय हे माहीत नसताना ऐकणं, सुचवल्याबरोबर सर म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्ही कानावरच पोट भरतो." त्यांना ती यंत्राची परीक्षा वाटली नाही, स्वतःची वाटली. त्यात तरुणाने 'प्लासिबो' हा शब्द उच्चारला आणि वातावरण आणखी बिघडलं. अनेकांच्या मनात त्या शब्दाचा अर्थ 'तुम्हाला उगाचच वाटतंय' असा असतो.

तो अर्थ चुकीचा आहे, आणि हे आधी स्पष्ट केल्याशिवाय पुढे सरकता आलं नसतं. २००८ साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना वाइन चाखायला देताना किमती सांगितल्या. तीच वाइन महाग म्हणून दिली तेव्हा ती लोकांना जास्त आवडली, आणि सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे कुणी खोटं बोलत नव्हतं. चव खरोखरच बदलली होती, फक्त ती पेल्यात बदललेली नव्हती. ऐकण्याचंही तसंच आहे. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांच्या १९७६ च्या प्रयोगात कानावर 'बा' पडत असताना डोळ्यांना 'गा' म्हणणारे ओठ दिसले, तर बहुतेक प्रौढांना 'डा' ऐकू आलं. युक्ती माहीत झाल्यावरही 'डा'च ऐकू येत राहतं. मिक्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला याचा घरचा अनुभव असतो. इक्वलायझरचं, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाचं, बटण फिरवत राहायचं, आवाज हळूहळू जागेवर येतोय असं समाधान वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की इक्वलायझर बायपासवर, म्हणजे बंदच आहे. सर हे ऐकून हसले. चाचणीला होकार मिळाला तो तिथे.

समोरचे पर्याय

पातळी जुळवून पुन्हा बघत-बघतच ऐकावं, हा सर्वांत सोपा मार्ग. मॅडमना तोच हवा होता. पण कुठलं यंत्र वाजतंय हे माहीत असताना कान किती वाहवत जातात याचा चांगला पुरावा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना गुणांची तफावत मोठी होती. शिवाय स्पीकरची जागा किंवा संगीत बदलल्याने आवाजात जे खरे फरक पडत होते, त्यांच्याकडेही ऐकणाऱ्यांचं लक्ष कमी गेलं. माझ्या मते त्या अभ्यासातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दिसण्यामुळे नसलेले फरक ऐकू येतात एवढंच नाही, असलेले फरक निसटतातही.

दोन्ही यंत्रांचे आउटपुट रेकॉर्ड करून एकातून दुसरा वजा करायचा आणि काय उरतं ते पाहायचं, हा दुसरा मार्ग. अभियंत्याला हा मोहात पाडतो. पण दोन यंत्रांच्या आतली घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात, त्यामुळे वजाबाकी स्वच्छ होत नाही. आणि काहीतरी उरतंच. ते ऐकू येतं का हा मूळ वाद जिथल्या तिथे राहतो.

तरुणाने तिसरा मार्ग सुचवला: सरांना 'आता नवा लावलाय' असं सांगायचं आणि काहीच बदलायचं नाही. प्रभावी असलं तरी हे मी फेटाळलं. रोज एकत्र काम करणाऱ्या माणसाला असं पकडलं की त्याचा मुद्दा खोडला जात नाही, तो दुखावतो, आणि पुढच्या प्रत्येक निकालावर संशय घेतो. जे कळायचं ते फसवणूक न करताही कळतं.

'कुठला जास्त आवडला' एवढंच न बघता विचारावं का? स्पीकरसाठी हा प्रश्न योग्य आहे, कारण स्पीकरमधले फरक ढळढळीत असतात आणि वाद पसंतीचा असतो. इथे फरक आहे की नाही याचाच वाद होता. म्हणून एबीएक्स पद्धत निवडली. ऐकणाऱ्याला ए आणि बी माहीत असतात, एक्स हा त्या दोघांपैकीच एक असतो, आणि तो कोणता हे ओळखायचं. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओसाठी डबल-ब्लाइंड स्विचपेटीचं वर्णन प्रसिद्ध केलं. डबल-ब्लाइंड म्हणजे चाचणी घेणाऱ्यालाही एक्स माहीत नसतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्याची सोय उरत नाही.

काय केलं

सर्वांत आधी प्रश्न कागदावर लिहिला: या खोलीत, या स्पीकरवर, पातळी जुळवल्यानंतर, दोन डॅकमधला फरक कानाने ओळखता येतो का? त्याखाली निकष. प्रत्येकाचे १६ प्रयत्न, १२ किंवा अधिक बरोबर आले तर 'ओळखला'. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. तिघांनी खाली सह्या केल्या. निकष आधी ठरला नाही तर निकालानंतर तो हव्या त्या बाजूला सरकवता येतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, ते आपोआप घडतं.

मग सरांच्या अटी. संगीत त्यांच्या निवडीचं, खुर्ची त्यांची नेहमीची, वेळेचं बंधन नाही, थकवा आला की उठायचं. हव्या तितक्या वेळा ए, बी आणि एक्समध्ये अदलाबदल करता येईल आणि एकेक तुकडा पाहिजे तितका लांब ऐकता येईल. सगळ्या अटी मान्य केल्या. 'घाई केली, दडपण आणलं' हा ब्लाइंड चाचणीवरचा जुना आक्षेप आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. त्याची हवा आधीच काढलेली बरी.

पातळी जुळवताना पहिला खरा पेच आला. नवा डॅक संगणकातूनच ०.४ डेसिबल खाली आणायचा माझा विचार होता. सरांनी आक्षेप घेतला: "म्हणजे माझ्या घोड्याच्या पायात दोरी बांधून शर्यत लावणार." त्या डिजिटल कपातीने ऐकू येण्याजोगं नुकसान होत नाही असं मला वाटत होतं. पण निकाल त्यांच्या विरोधात गेला असता तर हीच पळवाट राहिली असती. म्हणून दोन्ही डॅकच्या आउटपुटला एकाच प्रकारचे, फक्त रेझिस्टर असलेले ॲटेन्युएटर, म्हणजे पातळी कमी करणारे जोड, लावले. बोजा दोघांवर सारखा. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजलं आणि फरक एक टक्क्याच्या आत आणला. व्होल्टेजमधला एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहून किंचित कमी.

पहिल्या फेरीत मॅडमचे ७ बरोबर आले, सरांचे १२, तरुणाचे १५. सरांनी निकष गाठला होता. तरुणाचे १५ निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता साडेतीन हजारांत एकाहूनही कमी. खोलीत आनंदीआनंद होता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण तरुण स्वतःच पुढे येऊन म्हणाला, "सर, मी आवाज ऐकून नाही ओळखलं. स्विच करताना गाणं किंचित उडी मारतं."

त्याचं बरोबर होतं. नवा डॅक आलेला सिग्नल आधी आपल्या साठ्यात घेतो आणि मग वाजवतो, म्हणून तो जुन्याच्या काही मिलिसेकंद मागे चालतो. जुन्यावरून नव्यावर गेलं की एक कण पुन्हा ऐकू येतो, उलट गेलं की एक कण गळतो. ए वरून एक्स वर जाताना उडी आली नाही, तर एक्स म्हणजे ए. डॅकच्या आवाजाचा याच्याशी काही संबंध नाही. ब्लाइंड चाचण्यांमध्ये अशा गळत्या नेहमीच्या असतात: रिलेची टिकटिक, दिव्याची लुकलुक, स्पीकरमधली क्षणिक खरखर. 'फरक सिद्ध झाला' असा निकाल हाती आला की आधी गळती शोधायची, ही सवय 'फरक नाही' असा निकाल आल्यावर कारणं शोधण्याइतकीच गरजेची आहे. पहिलं काम मात्र फार कमी लोक करतात.

पहिल्या फेरीचे सगळे आकडे रद्द केले. इथे सर रागावले. "मी उडी ऐकत नव्हतो. माझे बारा का रद्द?" प्रश्न रास्त होता. ते उडी जाणीवपूर्वक ऐकत नव्हते हे खरं मानलं, तरी कान ती नकळत टिपत नव्हते असं म्हणता येत नाही. शिवाय एकाने १२ गाठण्याची शक्यता ३.८ टक्के असली, तरी तिघांपैकी निदान एकाने नुसत्या नशिबावर १२ गाठण्याची शक्यता ११ टक्क्यांपर्यंत जाते. जितके जास्त लोक बसवाल, तितका एखादा 'सोन्याचा कान' आपोआप सापडतो.

त्याच वेळी सरांच्या बाजूचाही एक हिशेब मांडला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, एखादा माणूस दर दहापैकी सात वेळा खरोखर फरक ओळखू शकतो. १६ प्रयत्न आणि १२ चा निकष ठेवला, तर असा माणूस निम्म्याहून जास्त वेळा नापास होतो. म्हणजे पहिल्या फेरीची रचनाच बारीक पण खऱ्या फरकावर अन्याय करणारी होती. ४० प्रयत्न आणि २६ चा निकष ठेवला, तर नशिबाने पास होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपासच राहते, पण त्याच माणसाची पास होण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांवर जाते. दुसरी फेरी तशीच ठरवली, वेगवेगळ्या बैठकांत वाटून, म्हणजे कान दमणार नाहीत.

स्विचपेटीतही बदल केला. प्रत्येक बदलाच्या वेळी, आवाज तोच राहणार असला तरीसुद्धा, अर्धा सेकंद शांतता. बारीक फरकाची आठवण कानात काही सेकंदच ताजी राहते, म्हणून याहून लांब खंड नको होता. आणि एक नियंत्रण चाचणी जोडली: त्याच पेटीतून, त्याच पद्धतीने, एका बाजूला २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १ डेसिबलचा उठाव. माणसाला आणि यंत्रणेला बारीक फरक पकडता येतो की नाही, हे त्यावरून कळणार होतं.

निकाल

नियंत्रण चाचणीत १६ पैकी तरुणाचे १६ बरोबर, सरांचे १५, मॅडमचे १३. कान शाबूत होते आणि पद्धतही. डॅकच्या चाचणीत ४० पैकी तरुणाचे १९, सरांचे २१, मॅडमचे २२. २६ च्या जवळपासही कुणी नाही.

अहवालात काय लिहायचं यावर पुन्हा थोडं तापलं. मॅडमना 'फरक नाही' असं एक वाक्य हवं होतं. मी लिहिलं: 'या खोलीत, या स्पीकरवर, पातळी जुळवल्यावर, तिघांपैकी कुणालाही फरक ओळखता आल्याचा पुरावा मिळाला नाही.' ही शब्दांची कसरत नव्हे. २००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी उच्च रेझोल्यूशनचा, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाने साठवलेला, आवाज सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला, तेव्हा ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, जवळजवळ नाणं उडवल्यासारखी. पण २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी उच्च रेझोल्यूशनवरचे १८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा बारा हजारांहून जास्त प्रयत्नांत ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली. फरक चिमूटभर, पण तो नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही, आणि प्रशिक्षित ऐकणाऱ्यांमध्ये तो ठळक होता. आमचे तिघांचे मिळून १२० पैकी ६२ म्हणजे ५१.७ टक्के. ५२ टक्क्यांचा खरा फरक इतक्या कमी प्रयत्नांतून दिसणारच नाही. पण तेवढ्या फरकासाठी तीन डॅक घ्यावेत असं सरांनाही वाटलं नाही, आणि निर्णयाला तेवढं पुरेसं होतं.

नंतर सरांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या जागी फार थोड्यांनी केली असती. दोन्ही डॅक समोर ठेवून, बघत-बघत पुन्हा ऐकलं. "अजूनही ऐकू येतोय," ते म्हणाले. "खर्ज. तसाच." आकडे त्यांना मान्य होते, तरी अनुभव हटला नाही. तो हटावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पैसे मधल्या खोलीच्या भिंतींसाठी वापरले गेले. चाचणीला आणलेला एक डॅक मात्र स्टुडिओने ठेवून घेतला, मुख्य खोलीसाठी. त्याला हेडफोनची दोन स्वतंत्र आउटपुट आहेत, आवाजाचं बटण हाताला चांगलं लागतं, आणि सरांना तो समोर असला की काम करावंसं वाटतं. तिसरं कारण मॅडमनी खरेदीच्या कागदावर पहिल्या दोघांइतक्याच गंभीरपणे लिहिलं. माझा त्याला विरोध नव्हता.

वेगळं काय करता येईल

एकत्र बसून ऐकण्याआधी मल्टिमीटर लावला, तर बरेच वाद जन्मालाच येत नाहीत. पहिल्या बैठकीतल्या एकमताकडे मात्र जास्त बारकाईने पाहायला हवं. ते तीन स्वतंत्र कौल नव्हते. सर आधी बोलले, आणि स्टुडिओत सर बोलल्यावर बाकीचे काय ऐकतात हे सांगायला नको. प्रत्येकाने गप्प बसून स्वतःच्या कागदावर लिहायचं आणि कागद एकदम उघडायचे, एवढ्याने चित्र वेगळं दिसलं असतं. तिघांच्या कागदांवर तीन विसंगत वर्णनं निघाली असती, तर पुढची निम्मी यातायात टळली असती. 'खर्ज' तिन्ही कागदांवर आला असता, तर मी मोजमापाकडे जास्त संशयाने पाहिलं असतं.

नियंत्रण चाचणी पहिल्या फेरीआधीच घ्यायला हवी. आणि चाचणी सुरू होण्याआधी एकाला फक्त एवढंच काम द्यावं: आवाज न ऐकता, लबाडी करून, एक्स ओळखून दाखव. आपल्या तरुणाने हे काम आपण होऊन केलं. दरवेळी असा प्रामाणिक माणूस मिळेल याची हमी नाही.

हेडफोनवर ही तुलना केलेली नाही. संवेदनशील इयरफोनवर शांत जागी एखाद्या यंत्राची खरखर स्पीकरपेक्षा सहज उघडी पडू शकते, त्यामुळे हा निकाल तिथे लावू नये.

आता मुख्य खोलीचे स्पीकर बदलायचे घाटत आहे. तिथे एबीएक्सची गरज नाही, फरक दारातूनही कळेल. प्रश्न पसंतीचा आहे, आणि अडचण जागेची. दोन स्पीकर एकाच जागी उभे राहू शकत नाहीत, आणि जागा बदलली की खर्ज बदलतो. हरमनच्या प्रयोगशाळेत यासाठी स्पीकर आपोआप सरकवून एकाच ठिकाणी आणणारी यंत्रणा आहे. इथे चाकांचा पाट, आवाज आरपार जाऊ देणारा काळा पडदा आणि स्पीकर ढकलायला दोन माणसं एवढ्यावर भागवायचं ठरलं आहे. ढकलणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांशी बोलायचं नाही, ही अट यावेळी सरांनी घातली.